दीड वाजताचा राब

"दीड वाजता," रुपेश म्हणाला, आणि सहाणेवर जमलेल्या सगळ्या पाटवाडीने माना वर केल्या.

सहाण म्हणजे शिमग्यात पालखी टेकवायचा आमचा दगडी चौथरा. एरवी वाडीच्या बैठकाही तिथेच. पुरुष चौथऱ्यावर, आम्ही बायका समोर फणसाच्या सावलीत. मे महिन्यातला रविवार होता. पाच महिन्यांची रेवा माझ्या मांडीवर झोपली होती आणि तिच्या कपाळावरचा घाम मी पदराने टिपत होते.

"दुपारी दीड?" विठूकाका म्हणाले. "उन्हानं डोकं फिरलं काय रे तुझं?"

"फिरलं न्हाय, काका. तो उपग्रह दीड वाजता आपल्या डोक्यावरून जातो. खाली आग दिसली की नकाशावर लाल ठिपका उठवतो. त्या ठिपक्यांवरूनच वर मोजतात, कुणी किती धूर केला ते. आपण सकाळी दवात भाजून मोकळे झालो तर त्याला काय दिसणार?"

"मग जरा थांबायला सांग त्याला. चा टाकू." मागून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

रुपेशही हसला. माझा नवरा हसला की त्याच्यावर रागावणं कुणालाच जमत नसे, वाडीलाही नाही. "बंदी आली म्हणून आता दरवर्षी लपूनछपून भाजायचं काय? या वर्षी त्यानं बघू दे. आपल्या वाडीचे छत्तीस राब, खोऱ्यातल्या बाकी वाड्यांचे मिळून दोनशे. सगळे एका वेळी. कुणाकुणाचं नाव कापतील?"

त्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीच्या दाराला कागद चिकटला होता. शेतातल्या धुराने हवा तापते, तेव्हा या वर्षापासून राब भाजायचा नाही. जो भाजेल त्याचं नाव सगळ्या योजनांतून वगळलं जाईल. भाताची रोपं आता प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वाढवायची. कृषी सहाय्यक बाई ट्रे घेऊन आल्या होत्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, आमच्या पडवीत बसून ताक प्यायल्या. जनाकाकीने त्यांना विचारलं, "बाय, जमीन भाजली न्हाय तर तण मरणार कसं? ते उपटायला तुमी येणार काय?" बाई म्हणाल्या, "काकी, मला पण वरूनच आलंय."

राब म्हणजे काही वणवा नव्हे. जिथे भाताचा तरवा, म्हणजे रोपं, करायची त्या चार पावलांच्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांची छाटलेली कवळं, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, वर गवत, आणि सगळ्यावर हाताने माती भुरभुरायची. मग ते धुमसत धुमसत भाजायचं. आणि त्याची एक रीत होती. पहाटे, वारा उठायच्या आत. एका वेळी एकाच घराचा राब. त्याच्या चार कोपऱ्यांना शेजारच्या चार घरांची माणसं हिरव्या फांद्यांचे ढाळे घेऊन उभी राहणार, ठिणगी उडाली की झोडपायला. याला आमच्याकडे राब राखणं म्हणत. आगसुद्धा वरच्या बांधाकडून लावायची, म्हणजे ती हळूहळू खाली उतरते. तिला चढू द्यायचं नाही. आणि 'लाव' असा शब्द दिल्याशिवाय कुणी काडी ओढायची नाही. गेली कितीतरी वर्षं तो शब्द माझे सासरे देत होते.

ते चौथऱ्याच्या टोकाला बसले होते. रावजी त्यांचं नाव. बोलायला लागले की आधी घसा खाकरायचे, तसे खाकरले.

"भाजायला माझी ना न्हाय," ते म्हणाले. "कागद त्यांचा, जमीन आपली. पण दुपारी खाडीवरनं वारा चढतो. आणि सगळ्यांनी एकदम लावलं तर राखणार कोण? तू तुझा राखशील, विठू त्याचा राखेल. एकट्या जनीचा?"

"बाबा, एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"आगीला दिवस न्हाय लागत, रुपेश."

"रावजीदादा सरकारचं झालं वाटतं!" कुणीतरी टोमणा मारला, आणि पुन्हा हशा झाला. बाबा उठले, टोपी झटकली आणि घराकडे चालू लागले.

मी खाली मान घालून रेवाच्या बोटांशी खेळत राहिले. माझे कान तापले होते. कारण दीड वाजताची गोष्ट रुपेशची नव्हती. ती मी सांगितली होती.

मी बारावीपर्यंत शिकलेली, सायन्सला. लग्न होऊन आले तशी माझ्या शिक्षणाचा वाडीत एकच उपयोग झाला, औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचून दाखवणं. तेव्हा फोनवर तो नकाशा सापडला आणि मी रुपेशला तो ठिपक्यांचा प्रकार समजावून सांगितला, तर त्याने ताटावरचा हात थांबवून माझ्याकडे असं पाहिलं होतं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "हुशार आहेस गं तू," म्हणाला होता.

तिन्हीसांजेला बाबा पडवीत येऊन बसले. मी रेवाला पायांवर घेऊन तेल चोळत होते.

"सूनबाय, तो तुझं ऐकतो."

मी रेवाचा दुसरा पाय चोळायला घेतला.

"त्या वरच्या यंत्राचं मला कळत न्हाय. पण त्याला दुसरी कुठली वेळ असंल तर बघ. सकाळची." त्यांनी रेवाच्या तळपायावर बोट फिरवलं. ती हसली, तसे तेही हसले. "वर धनगरवाडा आहे गो. गवताचीच घरं सगळी."

मला तो कोणी सांगायला नको होता. आमच्या शेतांच्या वर गवताचा उतार, आणि तो संपतो तिथे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गवळी-धनगरांची सात घरं. तिथली सगुणा रोज सकाळी दुधाची किटली घेऊन उतरायची. रेवा दोन महिन्यांची असताना मी तापाने फणफणले, दूध आटलं. तेव्हा पंधरा दिवस सगुणाने आपला बिरू एका बाजूला आणि माझी रेवा दुसऱ्या बाजूला घेतली होती. "म्हशीचं विकते, हे फुकट," असं म्हणून स्वतःच हसायची.

बाबा आत गेल्यावर मी फोन उघडला. नकाशाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ते वाचलं. दोनदा वाचलं. तेवढ्यात अंगणात रुपेशचा आवाज आला, चार मित्रांना तो निरोप देत होता. फोन मी तेलाच्या वाटीमागे सरकवला.

"दहा वाड्या तयार!" तो आल्या आल्या म्हणाला. रेवाला उचलून छताकडे उंच धरलं. "उद्या टीव्हीवाले येतायत. आणि हे सगळं कुणामुळे? तुझ्या आईमुळे, बाय माझी. पण सांगायचं न्हाय कुणाला, न्हायतर मला कोण विचारील?"

मी हसले. काय करणार, मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगुणा नेहमीच्या वेळेला आली. पाठीला बिरू बांधलेला, डोक्यावर किटली. मी दुधाचं पातेलं पुढे केलं.

"आज दुपारी राब आहेत आमचे," मी म्हणाले.

"दुपारी?" ती मापं ओतता ओतता थांबली. "लग्न हाय काय कुणाचं, मुहूर्त धरून भाजताय ते?"

"मोर्चासारखं आहे. सरकारला दाखवायला."

"मग सरकारच्या दारात भाजा की. आमच्या रेडकांच्या डोळ्यांत धूर कशाला घालताय?" ती हसली.

"सगुणा, तू आज इथेच थांब ना. बिरूला घेऊन. संध्याकाळी जा."

"आणि रेडकं? माणसं सगळी म्हशी घेऊन पल्याडच्या पाण्यावर जातील, ती दिवस कलल्यावर येणार. वर मी आणि सासू. सासूला दिसत न्हाय." तिने बिरूची कुंची सारखी केली. "एवढं काय तोंड केलंस, वैनी? धूर काय आज बघतोय आम्ही?"

ती चढणीला लागली. नऊ वाजले होते.

आता ते सांगते, जे मी आजवर रुपेशलासुद्धा सांगितलेलं नाही. आज रेवा तिसरीत आहे, तरी नाही. त्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आणखी एक उपग्रह आहे, तो साडेदहाच्या सुमाराला जातो. साडेदहाला आमच्याकडे वारा नसतो. दव सुकलेलं असतं, पण पान हलत नाही. त्या रात्री रुपेशला एवढं बोलले असते, "अहो, साडेदहाची पण वेळ आहे," की झालं असतं. पण रुपेशने दहा वाड्यांना दीड सांगितलं होतं. टीव्हीवाल्यांना सांगितलं होतं. आणि दीड ही माझी वेळ होती. ती अर्धीच खरी निघाली, हे मला माझ्या तोंडाने सांगायचं नव्हतं.

तरी मी फोन केला. सव्वानऊला लागला नाही. साडेनऊला तो दुसऱ्या कुणाशी बोलत होता. रेवा रडायला लागली, तिला घेऊन मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. दहा वाजायला थोडा वेळ होता तेव्हा त्याने उचलला. मागे ढोल वाजत होता.

"बोल गं, पटकन. काय झालं?"

"अहो..."

"रेवा बरी आहे ना?"

"हो."

"मग?"

मी सड्याकडे पाहिलं. सात घरांवरून चुलीचा सरळ, बारीक धूर वर जात होता. एकही रेघ वाकडी नव्हती.

"जेवायला याल ना?" मी विचारलं.

"आज कुठलं जेवण!" तो हसला आणि फोन ठेवला.

बारा वाजता बाबांनी ताट बाजूला सारलं. कोयता घेतला, दोन गोणपाटं हंड्यात बुडवून खांद्यावर टाकली. त्यांचं पाणी पाठीवरून गळत होतं.

"कुठं चाललात, बाबा?"

"वरच्या अंगाचं गवत कापून जरा पट्टा मोकळा करतो. सगुणाच्या दारात."

"आपला राब?"

"तुझा नवरा लावील की. त्याला माझा शब्द नको आहे." हे ते रागाने म्हणाले नाहीत. अंगणाच्या कडेला थांबून त्यांनी तोंडात बोट घालून ओलं केलं आणि वर धरलं. मग चढणीला लागले.

दीड वाजता सहाणेवर शिट्टी झाली.

अंगणातून मला सगळं दिसत होतं. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत एकेक माणूस वाकला, आणि एकेक धूर उभा राहिला. पांढरे, सारखे, जवळ जवळ. पलीकडच्या डोंगरालाही उभे राहिले. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं ते. खालून टाळ्या आणि घोषणा ऐकू येत होत्या. रेवा हात नाचवून हुंकार देत होती. मी तिला म्हटलंसुद्धा, "बघ, बघ तुझ्या पप्पांनी काय केलं!"

मग रेवाचं जावळ उडालं. एवढंच झालं आधी. तिच्या कपाळावरचे चार केस मागे गेले. मी वर पाहिलं तर सगळे धूर एकाच बाजूला, वरच्या अंगाला झुकले होते.

सगळ्यांत वरचा राब जनाकाकीचा. म्हातारी एकटीच ढाळा घेऊन फिरत होती. एका कोपऱ्यावर झोडपलं की दुसरा कोपरा उठायचा. तिची हाक मला ऐकू आली. "अरे या रे! कोणीतरी या रे!" आणि कोणी जाऊ शकत नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या राबाशी अडकलेला. आपला सोडून धावला असता तर तोही सुटला असता. विठूकाका दोन बांध चढले, मागे वळून आपल्या राबाकडे पाहिलं, आणि परत उतरले. मी पाहिलं ते.

आग गवतात शिरली तेव्हा आवाज झाला नाही. आवाज नंतर आला, कोणी मोठं कापड फाडत चाललंय तसा.

मी रेवाला छातीशी घट्ट बांधलं आणि चढणीच्या वाटेने धावले. पाचशे पावलं असतील. करवंदीच्या जाळीपाशी वळण आहे, तिथवर पोचले. तिथे राख पडायला लागली. काळी, गवताच्या पात्यांच्या आकाराची, आणि गरम. एक रेवाच्या कुंचीवर पडली, ती मी तळहाताने विझवली. पोर खोकायला लागली. पुढे धूर होता, त्यात काही दिसत नव्हतं. नुसता रेडकांचा आवाज. ती बांधलेली होती.

मी तिथेच उभी राहिले. पुढे गेले असते तर माझी पोर. मागे फिरले असते तर तिचा पोर. मी कुठेच गेले नाही. त्या वळणावर, पदराने रेवाचं नाक झाकून, "सगुणा! ए सगुणा!" ओरडत राहिले. घसा बसला तरी ओरडत राहिले, आणि वरून उत्तर येत नव्हतं.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. धुरातून आधी एक रेडकू आलं, मग आणखी काही, सैरावैरा. मग बाबा. छातीशी ओल्या गोणपाटाचं गाठोडं. दुसऱ्या हाताने सगुणाच्या सासूला धरून ओढत आणलेलं. मागे सगुणा, दर दोन पावलांना वळून पाहणारी. बाबांनी गाठोडं माझ्या हातात दिलं. मी गोणपाट बाजूला केलं. बिरूने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ठणाणा रडायला लागला. मी वाटेतच बसले, दोन पोरं मांडीवर घेऊन.

"सहा सोडली," बाबा म्हणाले. "बाकीच्यांच्या साखळ्या तापल्या होत्या. सुटेनात." त्यांनी हात पुढे केले. तळव्यांची कातडी सुटून लोंबत होती. त्यांना ते कळलंही नव्हतं बहुतेक.

वर आवाज हळूहळू कमी होत गेला. सगुणा वळणावर उभी राहून शेवटचा आवाज बंद होईपर्यंत ऐकत होती.

सातही घरं गेली. अकरा रेडकं गेली. बाबांनी कापलेला पट्टा चार हातांचा होता, आगीने तो उडी मारून ओलांडला. पण तेवढ्याने तिचा जरा खोळंबा झाला होता, आणि तेवढ्याच वेळात ते माणसं घेऊन निघाले होते.

संध्याकाळी रुपेश काळवंडलेल्या तोंडाने घरी आला, हातपाय न धुता पायरीवर बसला. मग म्हणाला, "फोन बघ." मी नकाशा उघडला. आमच्या छत्तीस राबांचा एकही ठिपका नव्हता. पलीकडच्या डोंगराचाही नव्हता. एवढे बारीक राब त्याला वरून दिसतच नव्हते. पूर्ण खोऱ्यात एकच लाल ठिपका होता, सड्यावर.

रुपेशने फोन माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोलीस पंचनाम्याला आले. सहाणेवर सगळी वाडी. साहेबांनी विचारलं, वेळ कुणी ठरवली? रुपेश उभा राहिला. त्याने एकदा फणसाखाली, माझ्याकडे पाहिलं.

"सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला.

मग विठूकाका तेच म्हणाले, जनाकाकी तेच म्हणाली. एकामागून एक छत्तीस घरांनी तेच सांगितलं. हाताला फडकी बांधलेले बाबाही तेवढंच म्हणाले, आणि नंतर कितीतरी दिवस कुणाशी बोलले नाहीत. पेपरात आलं की शेतकऱ्यांच्या एकजुटीपुढे सरकार नमलं, राबाचा नियम वर्षभर पुढे ढकलला. खालच्या वाडीत पेढे वाटले म्हणतात. आमच्याकडे पाठवलेला पुडा तसाच ओट्यावर राहिला, मुंग्यांनी संपवला.

धनगरवाड्यातल्या लोकांनी परत घरं बांधली नाहीत. गवत जळलेलं, म्हशींनी खायचं काय? घाटावर कुणी नातेवाईक होते, तिकडे निघाले. निघायच्या दिवशी सगुणा खाली आली. किटली नव्हती. बिरू पाठीला. मी तिच्यासाठी लुगडं काढून ठेवलं होतं, तांदूळ बांधले होते. तिने दोन्ही घेतलं, आढेवेढे न घेता. पडवीत बसली, पाणी प्यायली.

"वैनी, एक विचारू?"

"विचार ना."

"दीडची वेळ कुणी काढली गो? सकाळी असती तर आमची बापय माणसं घरात होती. एकेकानं दोन-दोन रेडकं सोडली असती." आवाज चढलेला नव्हता. दुधाचा भाव विचारावा तसं विचारलं तिने. "पोलिसांना न्हाय सांगायचं मला. नुसतं माहीत हवं. मनात धरायला कोणीतरी हवं ना."

रेवा माझ्या मांडीवर होती. तिने हात पुढे करून सगुणाच्या गळ्यातली काळी पोत धरली होती. मी ती मूठ सोडवायला लागले. एकेक बोट उघडत होते आणि ती पुन्हा मिटत होती. माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"सगळ्यांनी मिळून," मी म्हणाले.

सगुणाने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिली.

"मग ऱ्हायलं," ती म्हणाली. "एकाचं नाव सांगितलं असतंस तर जन्मभर त्याला शिव्या घातल्या असत्या. सगळ्यांना कशा घालू? त्यात तू पण येतेस." आणि ती हसली, खरोखरच हसली, माझ्या गालाला हात लावून. "तुला कशी घालू?"

मग बिरूची गाठ पक्की करून ती उठली, तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आपल्या माणसांना गाठायला भरभर निघाली. मी दारात उभी होते. ती नजरेआड होईपर्यंत मला हाक मारता आली असती.